कोयता, कायदा आणि आपण



बारामती-इंदापूरच्या उसाच्या रानात कोयता हे पोटाचे साधन आहे. तोच कोयता बांधावरच्या भांडणानंतर पंचनाम्यात ‘घातक हत्यार’ म्हणून अवतरतो आणि घरातला कर्ता तरुण आरोपी होतो. अशा वेळी गावची जाणती माणसे सांगतात, “गुन्हा कबूल कर, दंड भर, मोकळा हो.” हा सल्ला घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम २५ खाली कैदेची शिक्षा आहे, आणि दोषसिद्धीची नोंद पुढे नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत आडवी येते.

१९५९ च्या या अधिनियमाची व्याख्याच पाहा. केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगासाठी घडविलेली वस्तू तिच्यातून वगळलेली आहे. तेव्हा कोयता कसा होता, कोठे आणि कोणत्या वेळी मिळाला, हे वकिलाने प्रथम विचारावे. (तलवारीला ही सबब नाही, मिरवणुकीत ती मिरविण्याची हौस असणाऱ्यांनी ध्यानी धरावे.) दुसरा प्रश्न ताब्याचा. गुणवंतलाल खटल्यात १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने जाणीवपूर्वक ताब्याची आवश्यकता सांगितली. चार कुटुंबांच्या सामाईक पडवीत हत्यार सापडले, एवढ्यावरून ते एकट्या तुमच्या मुलाचे ठरत नाही. मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा मनाई हुकूम जारी असता शेतीचे अवजारही रस्त्यावर बाळगणे अंगाशी येऊ शकते. तो हुकूम त्या तारखेस अमलात होता काय, हे तपासावे.

अटकेच्या वेळी काय करावे? बाबासाहेबांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी घटना परिषदेत १५-अ हे कलम मांडले. तेच आजचे २२ वे. अटकेचे कारण कळणे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेणे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले जाणे, हे तुमचे हक्क आहेत. कोऱ्या कागदावर सही वा अंगठा देऊ नका. पोलिसांपुढील कबुली पुराव्यात चालत नाही. परंतु “हत्यार काढून देतो” असे म्हणून ते तुमच्या सांगण्यावरून निघाले, तर तेवढा भाग चालतो. पुष्कळ खटले येथेच हातचे जातात. १ जुलै २०२४ पासून झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ते चित्रण न्यायालयात मागा.

धम्मदीक्षा घेतली म्हणून संरक्षण गेले, अशी भीती कित्येक घरांत आहे. ती निराधार आहे. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. त्यामुळे १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. तसेच तुम्ही अत्याचाराची फिर्याद दिलीत म्हणून सूडाने खोटी प्रतिफिर्याद झाली, आणि ती करणारा अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल, तर अत्याचार प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ३(१)(त) खाली तोच गुन्हा ठरतो.

जातीचा दाखला हाताशी ठेवा आणि अटकेच्या दिवशीच तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्या. तिचे कार्यालय तालुक्याच्या न्यायालयातच असते.