खोलीचा दोष, स्पीकरच्या माथी

१/ नरखेड तालुक्यात गेल्या काही दशकांत घरे बदलली, आणि घरांसोबत घरातला आवाजही बदलला. मातीच्या भिंती, कवेलूचे छप्पर आणि शेणाने सारवलेली जमीन यांच्या जागी विटा, स्लॅब आणि गुळगुळीत फरशी आली. आता त्याच खोल्यांत ‘खोली ओळखून आवाज दुरुस्त करणारे’ डीएसपीचे स्पीकर येत आहेत. हा धागा त्या दुरुस्तीच्या इतिहासाचा आणि तिच्या मर्यादेचा.

२/ आधी एक गोष्ट स्पष्ट असावी. सिमेंटकडे वळणे ही काही चूक नव्हती. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या महापुराने याच तालुक्यातील मोवाड उद्ध्वस्त केले; दोनशेहून अधिक माणसे गेली. ज्या मुलखाने हे पाहिले, त्याने पक्के घर मागावे यात नवल नाही. प्रश्न एवढाच की, पक्क्या घराने कानांकडून कोणती किंमत घेतली.

३/ या प्रश्नाचे शास्त्र १८९५ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात सुरू झाले. तेथील एका नव्या व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे आणि पुढचे शब्द त्यात बुडून जात. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, थोड्या थोड्या मांडल्या आणि आवाज विरायला लागणारा वेळ मोजला. पहाटेपूर्वी गाद्या परत जागेवर जात.

४/ निष्कर्ष साधा होता. खोलीचे आकारमान जितके मोठे तितका आवाज अधिक रेंगाळतो. खोलीतले शोषण जितके जास्त तितका तो लवकर विरतो. शोषण मोजण्यासाठी सॅबाइनने माप घेतले ते उघड्या खिडकीचे, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. कवेलूच्या छपरातील असंख्य फटी म्हणजे, या हिशेबाने, लहान लहान उघड्या खिडक्याच होत्या.

५/ आता १० बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची स्लॅबची खोली घ्यावी. आकारमान सुमारे ३४ घनमीटर. पृष्ठभाग सरासरी ५ टक्केच आवाज शोषत असतील, तर सॅबाइनच्या सूत्राने तो सुमारे १.७ सेकंद रेंगाळतो. कापसाच्या गाद्या, गोधड्या, जाड पडदे आणि माणसे मिळून शोषण १० चौरस मीटरपर्यंत नेले, की हाच काळ अर्ध्या सेकंदाजवळ येतो.

६/ दुसरा दोष घुमण्याचा. समोरासमोरच्या भिंतींत आवाज अडकून ठरावीक कंप्रतेला फुगतो. १२ फुटांच्या लांबीत ती ४७ हर्ट्झच्या आसपास येते. रुंदी आणि उंची दोन्ही १० फूट असल्याने ५६ हर्ट्झवर दोन घुमणी एकावर एक बसतात. ढोलकीचा धुम्मा फुगतो आणि गायकाचे शब्द त्याखाली दबतात, ते बरेचदा यामुळे.

७/ स्पीकरची अडचण वेगळी. एकच पडदा खर्ज आणि टीप दोन्ही नीट वाजवू शकत नाही. म्हणून काम वाटून देणारा क्रॉसओव्हर लागतो. पूर्वी ही वाटणी कॉइल आणि कपॅसिटर करीत. १९७६ मध्ये झिगफ्रीड लिंकवित्झ यांनी सहकारी रस रायली यांच्यासह अशी रचना मांडली, की जोडाच्या कंप्रतेवर दोन्ही स्पीकर एकमेकांशी न भांडता मिळून वाजावेत. तीच आजही प्रचलित आहे.

८/ डीएसपी हेच काम आकड्यांनी करते. सेकंदाला ४८,००० वेळा ध्वनीचा नमुना घ्यायचा, गुणाकार-बेरजा करायच्या आणि निकाल दोन वाटांनी पाठवायचा. एक स्पीकर १७ सेंटिमीटर मागे असेल, तर दुसऱ्याचा आवाज अर्धा मिलिसेकंद, म्हणजे २४ नमुने, थोपवला की झाले. कॉइलच्या जमान्यात हे जवळपास अशक्य होते. या कामापुरते डीएसपीचे कौतुक रास्तच आहे.

९/ खोलीच्या दुरुस्तीत मात्र विवेक हवा. मायक्रोफोनने मोजून ५६ हर्ट्झवरचा उंचवटा छाटता येतो, आणि तो छाटावाच. ती तरंगलांबी ६ मीटरची असल्याने लाभ बसण्याच्या बऱ्याच जागेला मिळतो. पण २,००० हर्ट्झची तरंगलांबी अवघी १७ सेंटिमीटर. तिथे मायक्रोफोनच्या जागी केलेली बारीक दुरुस्ती शेजारी बसलेल्याच्या कानी चुकीची ठरते. जिथे परावर्तने एकमेकांना पुसून टाकतात, तो खड्डा शक्ती वाढवूनही भरत नाही.

१०/ आणि स्पीकरमधून शब्द सुटून भिंतीवर आदळला की गणिताचा हात सुटतो. भिंत शब्द किती शोषील हे भिंतच ठरवते. आवाज वाढवला तर रेंगाळणारा आवाजही तितकाच वाढतो. म्हणूनच सिमेंटच्या सभामंडपात भोंगे वाढतात, पण मागच्या रांगेतील म्हाताऱ्या माणसाला कीर्तनातला शब्द कळत नाही, आणि ग्रामसभेत वाचलेला ठराव ऐकू येऊनही समजत नाही. ज्याला ठराव समजला नाही, त्याची संमती कसली?

११/ तेव्हा खर्चाचा क्रम असा असावा: आधी गादी, गोधडी, पडदा, मग स्पीकरची जागा, शेवटी डीएसपी, आणि तेही खालच्या सुरांपुरते. सभामंडपाच्या अंदाजपत्रकात रंगाप्रमाणेच आवाज शोषणाऱ्या छताचीही एक ओळ असावी. सॅबाइनने सव्वाशे वर्षांपूर्वी गाद्या उचलून जे दाखवले, ते कोणतीही चिप रद्द करू शकलेली नाही. (समाप्त)