आधुनिक कविता १९२२ साली जन्मली नाही

एलियटचे ‘द वेस्ट लँड’ १९२२ साली आले आणि व्हिक्टोरियन कविता एका फटक्यात कालबाह्य झाली, हे सोयीचे मिथक आता टाकून द्यावे.

त्याच एलियटचा प्रुफ्रॉक १९१५ साली ज्या नाट्यात्म स्वगतातून बोलला, ते रॉबर्ट ब्राउनिंगने १८४२ सालीच सिद्ध केले होते. हॉपकिन्सने १८७५-७६ मध्ये एका जहाजबुडीवरील दीर्घकवितेत रूढ छंदाची चौकट मोडली. जेझुइट मासिकाने ती नाकारली. १८८९ मध्ये तो वारला. त्याचा संग्रह मित्र रॉबर्ट ब्रिजेसने १९१८ साली प्रसिद्ध केला आणि हा व्हिक्टोरियन कवी ‘आधुनिकां’त गणला गेला!

प्रकाशनाच्या सनावळीलाच काव्याचा इतिहास मानणे म्हणजे संपादकाच्या नकाराला कवीचे मौन समजणे होय.