जखमेला जिल्हा नसतो!

बडोद्याचे खंडेराव मार्केट ज्यांनी पाहिले असेल, त्यांना त्या वास्तूचे दुहेरी रूप ठाऊक असेलच. सयाजीराव महाराजांनी आपल्या राज्यकारभाराच्या पंचवीस वर्षांची खूण म्हणून १९०६ साली ही भव्य इमारत उभारली आणि तिला आपले दत्तक पिते खंडेराव महाराज यांचे नाव दिले. आज तिच्या दर्शनी भागात महानगरपालिकेची कचेरी आहे, आणि तिला लागूनच भाजी, फळे व फुले यांचा बाजार भरतो. एका अंगाला हारांचे ढीग, दुसऱ्या अंगाला अर्जांचे ढीग! रणात पडलेल्या जवानाच्या तसबिरीला घालावयाचा हार एका बाजूस चटकन मिळतो. त्याच जवानाच्या शेजारी खंदकात बसून जो जिवंत परतला, त्याला मात्र बायकोच्या नावातील एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी दुसऱ्या बाजूच्या खिडकीसमोर उभे राहावे लागते. या विशिष्ट कचेरीविरुद्ध आमची काही तक्रार नाही. बेळगावात जा, कोल्हापुरात जा, सोलापुरात जा. इमारत बदलेल, खिडकी तीच राहील. आमचा वाद त्या खिडकीशी आहे. आणि फुलांचा हार घालून झाला की आपले ऋण फिटले असे मानणाऱ्या आपणा सर्वांशी आहे.

मेलेल्या सैनिकाचा गौरव करणे सोपे असते, कारण तो काही मागत नाही. तो निवृत्तिवेतनाचा हिशेब विचारीत नाही, कृत्रिम पाय बदलून मागत नाही, मध्यरात्री दचकून उठून घरच्यांची झोप मोडीत नाही. त्याच्या नावे चौक करावा, फीत कापावी, भाषण ठोकावे आणि घरी जावे. जिवंत परतलेला सैनिक मात्र अडचणीचा असतो. तो आपल्या गल्लीत राहतो, रेशनच्या रांगेत दिसतो, आणि त्याचे नुसते असणे हाच आपल्याला विचारलेला एक प्रश्न असतो. ‘मेल्या म्हशीला मणभर दूध’ ही म्हण आमच्या आज्यांनी उगाच रचली नाही!

आपल्या मुलखात गावोगावच्या देवळांपाशी वीरगळ उभे आहेत. त्या दगडांचे थर वाचण्यासारखे आहेत. खालच्या थरात झुंज, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, आणि सर्वांत वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तो वीर. शेकडो वर्षे पाथरवटांनी हेच कोरले. परंतु झुंजीतून एक हात गमावून घरी आलेल्या माणसाचा थर त्या दगडात नाही. दगडात तो नसला तर समजू शकते. दगड मृतांसाठीच असतो. पण आपल्या कायद्यात, आपल्या कचेऱ्यांत आणि आपल्या मनातही त्याच्यासाठी थर नसावा, हे कसे समजावून घ्यावे?

आणि ही परंपरा आपली नव्हे, हे ठासून सांगितले पाहिजे. १६५९ साली प्रतापगडाखाली अफझलखानाचा निकाल लागल्यानंतर शिवाजी महाराजांनी काय केले, याची नोंद सभासदाने आपल्या बखरीत करून ठेवली आहे. जे कामास आले त्यांच्या मुलांना चाकरीत घेऊन त्यांचे चालविले. ज्यांना मुलगे नव्हते त्यांच्या बायकांना निमे वेतन लावून दिले. आणि जे जखमी झाले त्यांना जखम पाहून पंचवीस, पन्नास, शंभर, दोनशे होन दिले. ‘जखम पाहून’ याच शब्दांत सारे राजकारण आले! जखम पाहिली की रक्कम ठरली. ती जखम चाकरीमुळेच झाली काय, हे सिद्ध करण्यास त्या मावळ्याला दहा वर्षे कोणाच्या दारात उभे राहावे लागले नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून चालणारे राज्य जे करीत होते, ते आज विजेच्या वेगाने चालणाऱ्या राज्याला साधू नये काय?

आता बडोद्याकडून बेळगावाकडे येऊ, कारण ही दोन शहरे एका पलटणीने बांधलेली आहेत. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. स्वातंत्र्यानंतर संस्थानी फौजा मोडल्या, तेव्हा कोल्हापूर व हैदराबाद यांच्याप्रमाणे बडोद्याचे पायदळही मराठा लाइट इन्फन्ट्रीत सामावले गेले. त्या रेजिमेंटचे केंद्र बेळगावात. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात टाकले गेले, आणि १९६० साली बडोदे गुजरातेत गेले. म्हणजे पाहा: शिपायाचे घर एका राज्यात, त्याच्या पलटणीचे माहेर दुसऱ्या राज्यात, आणि ज्याच्या खांद्याला खांदा लावून तो लढला त्या साताऱ्याच्या वा कोल्हापूरच्या सोबत्याचे गाव तिसऱ्या राज्यात! रणांगणावर या तिघांचा गजर एकच होता: ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय!’ तिघांवर चालून आलेल्या गोळीने कोणाचा जिल्हा विचारला नाही. पण घरी परतताच पहिला प्रश्न येतो तो जिल्ह्याचा. शौर्यपदक देतो तो देश. त्याबरोबर रोख रक्कम देते ते राज्य, आणि ती प्रत्येक राज्यात निराळी. एकाच पदकाला एका राज्यात कोटीचे मोल, तर दुसऱ्यात त्याच्या अंशाइतकेच. शौर्याचाही भाव बाजारपेठेप्रमाणे बदलावा काय? सीमेवरच्या माणसाला हा अन्याय समजावून सांगण्याची गरज नाही. नकाशावरील एक रेघ माणसाच्या ताटातून काय काय काढून घेते, हे तो आपल्या अंगावर जाणतो.

ज्यांच्या शौर्याचे आपण पोवाडे गातो, त्यांच्या मनात काय चालते ते तरी आपण कधी विचारले? १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. त्यांच्याखेरीज सारे ठार वा जखमी झाले, आणि ते एकटेच त्या ठाण्यावर धावून गेले. ठाणे पडले, घाडगेही पडले. माणगावात त्यांचा पुतळा आहे. पुढल्या वर्षी, ९ एप्रिल १९४५ रोजी, त्याच इटलीत सेनियो नदीकाठी शिपाई नामदेव जाधव यांनी गोळ्यांच्या वर्षावात दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांतून पार नेले. मग पडलेल्या सोबत्यांचा सूड घेण्याच्या निश्चयाने ते एकटे मागे फिरले आणि शत्रूची ठाणी एकामागून एक गारद केली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एकाला मरणोत्तर, एकाला जिवंतपणी. जाधव १९८४ सालापर्यंत जगले. युद्ध एका वसंतात संपले, आणि त्यानंतरचे जगणे जवळजवळ चाळीस वर्षांचे होते. पदकाच्या मानपत्रात त्या एका दिवसाचे वर्णन असते. पुढल्या चाळीस वर्षांतील रात्रींचे मानपत्र कोणी लिहीत नाही.

कोणत्याही माजी सैनिकाशी निवांत बोलून पाहा. तो आपल्या पराक्रमाची गोष्ट सांगणार नाही; तो सोबत्याची गोष्ट सांगेल. सोबती कोणत्या गावचा, त्याला घरून आलेल्या पत्रात काय होते, शेवटचा चहा कोणी केला, आणि मग मध्येच थांबेल. ‘तो गेला, मी का राहिलो?’ हा प्रश्न त्याच्या उशाला असतो. पहिल्या महायुद्धात युरोपातील डॉक्टरांनी या व्याधीला नाव दिले, आज तिच्यावर शास्त्रशुद्ध उपचार आहेत. आपल्याकडे मात्र अजून तिला ‘डोके फिरले’, ‘दारूच्या नादी लागला’ अशीच नावे आहेत. तुटलेला हात दिसतो म्हणून त्याला निदान सहानुभूती मिळते. न दिसणाऱ्या जखमेच्या वाट्याला कुचेष्टा येते.

दिसणाऱ्या जखमेची कथा तरी बरी आहे काय? सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे लष्कराच्या ई.एम.ई. विभागातील जवान, या विभागाचे मोठे विद्यालय बडोद्यातच आहे. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. या माणसाने १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पॅरालिम्पिक स्पर्धेत पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. भारताचे त्या स्पर्धेतील ते पहिले वैयक्तिक सुवर्ण होते. देशाने त्यांना पद्मश्री दिली ती २०१८ साली. छेचाळीस वर्षांनी! अर्जुन पुरस्कार पोहोचायला २०२५ साल उजाडले. जो सुवर्णपदक घेऊन आला त्याची ही वाट, तर जो केवळ अपंगत्व घेऊन आला त्याची वाट किती लांब असेल?

ती वाट कशी असते ते ऐका. अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मागणाऱ्याला सांगितले जाते की हा आजार चाकरीमुळे झालेला नाही. भरतीच्या वेळी निरोगी म्हणून घेतलेला जवान पुढे अपंग झाला, तर ते चाकरीमुळेच असे गृहीत धरावे आणि उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर असावा, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग यांच्या खटल्यात २०१३ साली दिला. त्यासाठी वेगळे लष्करी न्यायाधिकरण २००७ च्या कायद्याने स्थापन झालेच होते. तरीही न्यायाधिकरणात जिंकलेल्या जवानाला वरच्या न्यायालयात खेचणे थांबले नाही. २०२२ च्या वसंतात वार्षिक ओळखपडताळणी झाली नाही एवढ्या कारणाने अठ्ठावन्न हजारांहून अधिक निवृत्तिवेतनधारकांचे एप्रिलचे पैसे अडकले. बोभाटा झाल्यावर सूट मिळाली, हे खरे. पण बोभाटा झाल्यावाचून सूट का मिळू नये? ज्याने बर्फात पहारा दिला, त्यानेच दरसाल ‘मी अद्याप मेलो नाही’ हे संगणकाला पटवावयाचे, आणि पटले नाही तर त्याच्या चुलीने वाट पाहावयाची!

आमच्या म्हणण्यावर आक्षेप येतील, ते आम्ही जाणतो. ‘तो स्वखुशीने गेला, त्याला पगार होता, कॅन्टीन आहे, नोकऱ्यांत राखीव जागा आहेत.’ होय, केंद्राच्या क वर्गात दहा टक्के आणि ड वर्गात वीस टक्के जागा कागदावर आहेत. भरल्या जातात त्या याहून पुष्कळ कमी. चाळिशीच्या आतबाहेर, मुले शाळेत असताना, जवान घरी येतो. त्याला तोफ चालविता येते, पण त्याचा दाखला देणारे प्रमाणपत्र कोणाला वाचता येत नाही. मग तो एखाद्या बँकेच्या दारात पहारेकरी होतो. २०२२ च्या अग्निपथ योजनेने तर चार वर्षांनी चौघांपैकी तिघांना निवृत्तिवेतनावाचून घरी पाठवावयाचे ठरविले. दुसरा आक्षेप असा की अपंगत्वाचे दावे काही वेळा खोटे असतात. असतील, महालेखापरीक्षकांनीही या दाव्यांच्या वाढत्या प्रमाणाकडे बोट दाखविले आहे. खोट्याला खुशाल शिक्षा करा. पण चार लबाडांच्या भीतीने चाळीस जखमींना उन्हात उभे करणे याला दक्षता म्हणत नाहीत.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. न्यायाधिकरणाने एकदा अपंगत्व मान्य केले की मोठा कायदेशीर प्रश्न असल्याखेरीज सरकारने जवानाविरुद्ध अपील करू नये. शौर्यपदकाची रक्कम देशभर एकच असावी. कमी पडेल ती केंद्राने भरून द्यावी. मनाच्या जखमेला जखम म्हणून मान्यता मिळावी आणि तिचे उपचार जिल्ह्याच्या ठिकाणी मिळावेत. आणि प्रत्येक नगरपालिकेत आठवड्यातून एक दिवस एक टेबल मांडावे. त्यामागे कागद जाणणारा एक माजी सैनिक बसवावा. आणि जन्माचे, मृत्यूचे, नावदुरुस्तीचे दाखले त्याच बैठकीत हातात द्यावेत. या शेवटच्या कामाला ना संसदेचा कायदा लागतो, ना कोटींचा निधी. एक टेबल, दोन खुर्च्या आणि थोडी लाज एवढीच सामग्री पुरे!

सरकारला एवढे सांगितल्यावर आमच्या वाचकांनाही एक शब्द. दरवर्षी ४ फेब्रुवारीला, सिंहगड सर झाल्याच्या स्मृतिदिनी, मराठा लाइट इन्फन्ट्री आपला रेजिमेंट दिन पाळते. ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा डबा आपल्या दारी येतो, त्यात आपण नाणे टाकतो आणि छातीला कागदी झेंडा टोचतो. या वर्षी नाणे जरूर टाका, पण तेवढ्यावर थांबू नका. आपल्या गल्लीत कोण सैनिक राहतो ते शोधा. त्याला भाषणासाठी व्यासपीठावर नेऊ नका. त्याच्या ओसरीवर जाऊन बसा, आणि त्याच्या सोबत्याचे नाव विचारा. मग त्याचे जे कागद अडले असतील ते हातात घेऊन त्याच्याबरोबर कचेरीची पायरी चढा. एकट्या म्हाताऱ्याला ‘उद्या या’ म्हणणारी खिडकी मागे उभ्या असलेल्या दहा तरुणांना तसे म्हणावयास कचरते, हा चळवळीत केस पिकविलेल्या आमच्या पिढीचा अनुभव आहे.

ज्या सोबत्यांची नावे दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर २०१९ साली कोरली गेली, ती पंचवीस हजारांहून अधिक नावे वाचावयास दगड पुरेसा आहे. पण त्या नावांमागचे चेहरे आज केवळ जिवंत सोबत्यांच्या स्मरणात उरले आहेत. हे जिवंत सोबती उपेक्षेने संपले, तर मृतांना दुसऱ्यांदा मरण येईल, आणि त्या वेळी गोळी झाडणारा शत्रू सीमेपलीकडचा नसेल.