डालडाच्या डब्यातली स्पिटफायर

जुनी गाडी कशानं मरते? गंजानं, असं तुम्ही म्हणाल. पार्ट मिळत नाहीत, पैसे पुरत नाहीत, घरचे वैतागतात, हीही कारणं लोक सांगतात. पण गेले आठ महिने दर रविवारी एका शेडमध्ये हात काळे करून घेतल्यावर माझं मत पक्कं झालंय. जुनी गाडी मरते ती हौसेनं. कुणीतरी फार प्रेमानं ती खोलायला घेतं आणि जोडायचं राहून जातं. बस्स!

‘क्लासिक कार, थोडं काम बाकी’ अशी जाहिरात कुठे वाचलीत, तर समजून जा. गाडी खोक्यांमध्ये आहे. आणि त्यातलं एक खोकं हरवलंय.

आमच्याकडे खोकी नाहीत, डालडाचे डबे आहेत. मावशीच्या एरंडवण्यातल्या बंगल्यामागे पत्र्याची शेड आहे. त्यात ताडपत्रीखाली १९८९पासून एक ट्रायम्फ स्पिटफायर उभी. मार्क थ्री, १९६८ची. दोन सीटा, टप उघडा, रंग लाल (निदान एकेकाळी तरी). पुण्यातली नोकरी संपवून मायदेशी निघालेल्या एका इंग्रज इंजिनिअरकडून काकांनी ती १९७४मध्ये घेतली. मावशी लग्नानंतर महाबळेश्वरला गेली ती हिच्यातूनच, पसरणीच्या घाटात डोक्याला घट्ट स्कार्फ बांधून. फोटो आहे. सॉलिड दिसतात दोघं!

१९८९मध्ये इंजिन धूर सोडायला लागलं म्हणून काकांनी हेड उतरवलं. मग कार्ब्युरेटर उतरवले. मग ‘आता उघडलंच आहे तर’ म्हणून ब्रेक. सगळे नट-बोल्ट डालडाच्या डब्यांमध्ये भरून वर चिठ्ठ्या चिकटवल्या. ‘दिवाळीपर्यंत जोडू,’ म्हणाले. दिवाळीआधी नागपूरला बदली झाली.

आता काका एकोणऐंशीचे आहेत. डॉक्टरांनी ड्रायव्हिंग बंद केलंय. बंगला रिडेव्हलपमेंटला गेलाय आणि ३१ मेला चाव्या बिल्डरच्या हातात द्यायच्यात. भाड्याच्या फ्लॅटला पार्किंग एकच, आणि तिथल्या सोसायटीचा नियम असा की बंद गाडी आवारात ठेवायची नाही. मावशीनं विषय एका वाक्यात संपवला, ‘स्वतःच्या पायांनी चालत गेटबाहेर जाणार असेल तर जाऊ दे, नाहीतर भंगारवाल्याला बोलव.’

म्हणून माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत कोड लिहितो आणि शनिवार-रविवार गाडीखाली झोपतो. मी फोटो काढते, पिशव्यांवर नावं लिहिते आणि गाडी जॅकवर सोडून कुणी खाली शिरत नाही ना, हे बघते. खाली स्टँड लावल्याशिवाय आत जायचं नाही. या बाबतीत मी जेलरसारखी वागते.

आता थोडा फ्लॅशबॅक. स्पिटफायर हे नाव दुसऱ्या महायुद्धातल्या विमानाचं. ब्रिटनच्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीनं इटालियन डिझायनर जिओव्हान्नी मिकेलोत्ती याच्याकडून तिचं रूप काढून घेतलं, पण खिशात पैसे नव्हते म्हणून नमुना कोपऱ्यात गेला. १९६१मध्ये लेलँडनं कंपनी विकत घेतली. नवे मालक कारखाना बघत फिरत होते, तेव्हा कापडाखाली झाकलेली ही गाडी त्यांना दिसली. १९६२मध्ये ती बाजारात आली आणि १९८०पर्यंत तीन लाखांहून जास्त विकली गेली. म्हणजे कापडाखाली वाट बघत बसणं हे हिच्या खानदानातच आहे!

स्वस्तात बनवायची म्हणून तिला ट्रायम्फ हेराल्डच्या सांगाड्यावर बेतली होती. इथे आमचं नशीब उघडलं. कारण तीच हेराल्ड १९६१पासून मद्रासला ‘स्टँडर्ड हेराल्ड’ म्हणून बनायची. तुमच्या आजोबांच्या पिढीतल्या कुणाकडे तरी ती नक्की असणार. त्यामुळे स्पिटफायर कधीही न पाहिलेला मिस्त्रीसुद्धा तिच्या खाली वाकला की ओळखीचं हसतो.

असे एक उस्ताद आम्हाला कँपात भेटले. सत्तरी उलटलेली. शेडमध्ये आले, बॉनेट उचललं (हिचं अख्खं नाकच पुढे उलटतं, इंजिन एकदम उघडं पडतं), पण इंजिनकडे बघितलंसुद्धा नाही. थेट पुढच्या चाकामागे बोट घातलं, वास घेतला आणि म्हणाले, ‘ग्रीस कुणी भरली?’

भानगड अशी की, पुढचं चाक वळतं ते ज्यावर फिरतं, त्या खालच्या जोडाला ट्रनियन म्हणतात. पितळी तुकडा, आत आटे. त्यात गिअरचं जाड तेल घालायचं असतं, ग्रीस नाही. ग्रीस आत पोचत नाही, घट्ट होते, ओल शिरते, आतला लोखंडी दांडा आट्यांपाशी गंजतो आणि एक दिवस वळणावर तुटतो. चाक आडवं! उस्तादांनी उमेदीत हेराल्डची अशी किती चाकं पडताना पाहिलीत, ते मोजत बसले. तेलाचा खर्च वर्षाला शंभर-दोनशे रुपये. मला वाटतं, जुनी गाडी घेणाऱ्यानं रंग बघण्याआधी असा एक उस्ताद गाठावा.

त्यांनीच आम्हाला ‘सूत’ शिकवलं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अर्धा इंची पाना म्हणजे चार सूत, सात-सोळांश म्हणजे साडेतीन. दादाचा ऑनलाइन मागवलेला चकचकीत मिलिमीटरवाला सेट इथे शोपीस. इंचाचे पाने जुन्या बाजारात मिळाले. बुधवारी आणि रविवारी भरतो. रविवारी लवकर जा, उन्हात भाव करायला उत्साह राहत नाही.

उस्तादांनी घालून दिलेला दुसरा नियम मात्र सगळ्यात मोठा. एका वेळी एकच काम उघडायचं. ब्रेक तर ब्रेकच. ते जोडून पेडल कडक झाल्याशिवाय पुढच्या गोष्टीला पाना लावायचा नाही. रविवारी संध्याकाळी गाडी चाकांवर उभी दिसली पाहिजे. यूट्यूबवर बारा मिनिटांत शेवटच्या स्क्रूपर्यंत खोललेली गाडी नवीकोरी होते ना, त्या बारा मिनिटांत तीन वर्षं, दोन कामगार आणि एक वर्कशॉप लपलेलं असतं. घरच्या शेडमध्ये तो फंडा चालत नाही. घरी लागतो तो पुढच्या रविवारी परत यावंसं वाटण्याइतका आनंद.

खरा धक्का दिला दाराखालच्या पत्र्यानं. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दाराखालून एक पत्र्याची पेटी जाते. इंग्रजीत सिल, आपण उंबरा म्हणू. वरून लाल रंग छान होता. दादानं फ्रिजवरचं मॅग्नेट लावलं, तर ते टपकन खाली पडलं. म्हणजे कधीकाळी कुणीतरी गंजावर लांबी भरून रंग मारला होता. स्क्रू ड्रायव्हरनं टोचलं आणि पावशेर तपकिरी भुगा आमच्या चपलांवर!

दुसऱ्या एखाद्या गाडीत हा दिसण्याचा प्रश्न असता. इथे हा कण्याचा प्रश्न आहे. हेराल्डच्या सांगाड्याला बाजूच्या पट्ट्या होत्या, स्पिटफायरमध्ये त्या काढून टाकल्या. मधला कणा आणि हे दोन उंबरे, यांच्यावर सगळी ताकद. वर छप्पर नाही. मागच्या चाकांना जागेवर धरणारे दांडेही बॉडीलाच अडकवलेत. आधार न देता उंबरा कापला तर गाडी मधोमध बसते आणि पुन्हा जन्मात तिचं दार लागत नाही. एका गॅरेजवाल्यानं ‘दोन्ही बाजू एका दिवसात कापून देतो’ असं सांगितलं. आम्ही चहा पाजून त्याला वाटेला लावलं.

आमच्या वेल्डरनं आधी दाराच्या चौकटीत लोखंडी आडवा दांडा ठोकला. डावी बाजूच कापली, पत्रा टाके घालावेत तसा ठिकठिकाणी पकडला, दार अडकवून बघितलं, फट मोजली, मग पुढचा टाका. दार नऊ वेळा लावलं-काढलं. दोन रविवार गेले. नवव्यांदा ते ‘खट’ करून लागलं, तेव्हा आम्ही मिसळ मागवली.

इंजिनाचं तुलनेनं सरळ निघालं. १२९६ सीसी, चार सिलिंडर, पंचाहत्तर हॉर्सपॉवर. काकांनी १९८९मध्ये सिलिंडर ग्रीसनं माखून वर प्लायवुड ठोकलं होतं, तरी आत खड्डे पडलेच. नाना पेठेत बोअर करून घेतलं, वीस थाऊ मोठे पिस्टन इंग्लंडहून आले. हिच्या इंजिनाची एक खोड आहे. क्लच दाबला की क्रँकशाफ्ट पुढे ढकलला जातो, आणि तो जोर अर्धचंद्रासारख्या दोन वॉशरांवर येतो. ते झिजून खाली पडले की क्रँकशाफ्ट ब्लॉकच खातो. म्हणून क्लच दाबायला एकानं बसायचं, दुसऱ्यानं पुढची पुली किती सरकते ते मापायचं. चार ते आठ थाऊ ठीक. आमची चौदा सरकत होती. वॉशर बदलले. पेट्रोलच्या रबरी नळ्याही नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, आणि जुनं रबर त्यात कुजतं. अशा गळक्या नळीखाली सायलेन्सर तापलेला असेल, तर पुढचं सांगायला नको.

फेब्रुवारीत सेल मारला. तिसऱ्या प्रयत्नात ती बोलली. शेडमधले उंदीर, दादा आणि मी, सगळे एकदम उडालो. काका खुर्चीत बसून डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, भरून आलं असेल. तेवढ्यात म्हणाले, ‘दोन नंबर मिस करतोय.’ खरंच करत होता. प्लगची वायर सैल होती. मावशी ओट्यावरून हात पुसत दारात आली आणि म्हणाली, ‘घाटातही असाच कान किटवला होता हिनं.’ पण आत गेली नाही. गाडी बंद करेपर्यंत तिथेच उभी.

आरटीओचं थोडक्यात. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. नव्या नोंदणीला वीस हजार, दहा वर्षांची मुदत, नूतनीकरणाला पाच हजार. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण मग रोज ऑफिसला न्यायची नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढंच. शिवाय बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेली गाडी त्यात बसत नाही, म्हणजे आधुनिक इंजिन कोंबायचे प्लॅन असतील तर विसरा. काकांनी आरसी बुक पासबुकासारखं जपलंय, त्यामुळे अर्ज तरी भरता आला.

रंग? नाही करणार. दादाला हवा होता, त्याच्या एक्सेल शीटमध्ये त्यासाठी वेगळा रकानाही होता. काकांनी त्यावर काट मारली. ‘आधी चालू दे, मग नटू दे,’ म्हणाले. मला तो फिका, चट्टे पडलेला लाल आवडतो, पण माझं मत कोण विचारतंय!

काकांचं काम डब्यांचं. नजर कमी झालीये, पण बोटांना सगळं आठवतं. चिठ्ठीवर ‘मागचं डावं, नक्की नाही’ असं त्यांच्याच अक्षरात असतं, ते बोल्ट चाचपतात आणि म्हणतात, ‘पुढचं उजवं.’ अकरा डबे होते. नऊ रिकामे झाले. दादा आणि ते एरवी फोनवर ‘जेवलास का’ याच्यापुढे जात नाहीत. आता वॉशरवरून तास तास भांडतात.

हातात पाच रविवार उरलेत. उजवा उंबरा कापायचाय, हँडब्रेक ओढायचाय आणि डावा ट्रनियन बसवायचाय. डाव्याचे आटे उलटे असतात, त्यामुळे उजवा तिकडे चालत नाही. उजवा उस्तादांनी एका जुन्या हेराल्डमधून काढून दिला. डावा इंग्लंडहून निघालाय, पण तीन आठवडे कुरिअरमध्येच कुठेतरी फिरतोय. तेव्हा मंडळी, तुमच्या आजोबांच्या हेराल्डचं सामान कुठे माळ्यावर पडलं असेल, तर या पानाच्या पत्त्यावर लगेच कळवा. योग्य किंमत देऊ, वर मिसळ. फक्त त्यात ग्रीस भरली होती का, ते आधी सांगा.