धूळ कुणाची, शोभा कुणाची?



जत्रेतल्या तंबू टॉकीजा उठल्या. रीळ गेलं, डिजिटल आलं. कार्बनच्या कांड्यांवर चालणारी प्रोजेक्टरं किलोच्या भावानं भंगारात पडली. आता त्यांचं नाव झालंय 'अँटिक'. चकचकीत करून हॉटेलात, बंगल्याच्या दिवाणखान्यात उभी करतात. शेटजी पाहुण्याला सांगतो, वारसा आहे आमचा!

पण चकचकीत करतो कोण? भंगारगल्लीतलं आपलं पोरगं. तोंडाला रुमाल, हातात पॉलिशपेपर. घास लेका, संध्याकाळपर्यंत माल चमकला पायजे.

त्या मशीनच्या पोटात काय आहे, हे त्याला कुणी सांगत नाही. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये तीन हजार डिग्रीच्या वर आग पेटायची. ती सोसायला लॅम्पहाऊसमध्ये, म्हणजे दिव्याच्या लोखंडी पेटीत, ॲस्बेस्टॉसचे तक्ते बसवत. दिव्याच्या वायरींवरही त्याचंच विणलेलं पांढरट आवरण असे. सगळ्याच मशीनमध्ये असेल असं नाही. पण नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही, सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. म्हणून तपासणी होईपर्यंत आहेच असं धरायचं.

शाबूत असेल तोवर ते गप्प बसतं. घासलं, भोक पाडलं, हवा मारली, की डोळ्यांना न दिसणारे तंतू उडतात आणि फुप्फुसात रुततात. खोकला उद्या येत नाही. वीस-तीस-चाळीस वर्षांनी दम लागतो, कॅन्सर निघतो. तोवर शेट कुठं, दुकान कुठं? खुनाचा पुरावाच शिल्लक नाही!

ब्रिटननं 1999 साली ॲस्बेस्टॉस बंद केलं. आपल्या सुप्रीम कोर्टानं 1995 साली हुकूम दिला, की ॲस्बेस्टॉसच्या कामगाराच्या तब्येतीची नोंद 40 वर्षं जपा. ठीक. पण ज्याचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नाही, त्याची नोंद कोण जपणार? कायदा कारखान्याच्या फाटकाशी थांबतो. धूळ थांबत नाही. ती जातीच्या उतरंडीवरून बरोब्बर खाली येते.

'आपल्याला काय हुतंय' ही मर्दानगी सोडा. ती शेटच्या फायद्याची आहे. हे पाठ करा:

घासू नका, तोडू नका, हवा मारू नका.
आवरण कुजलं, तक्ता फुटला दिसला, की वीज तोडा, काम थांबवा, मशीन जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा. ते काढणं प्रशिक्षित माणसाचं काम.
सांडलेली धूळ झाडूनं लोटू नका. ओल्या फडक्यानं टिपा, फडकं पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत, वर ठळक लिहा.
रुमाल काही अडवत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा, पी-3 फिल्टरचा मास्क मागा.
कामाचे कपडे घरी नेऊ नका. नवऱ्याचे असले कपडे धुऊन धुऊन बायका मेल्यात.

आणि मागा! तपासणीचा खर्च विकणाऱ्याचा. बिलावर लेखी. हजेरीपटावर नाव. नसेल, तर हात लावणार नाही. सगळ्यांनी मिळून नाही म्हणायचं, एकट्यादुकट्याला हाकलतील.

शेट म्हणतो, काही होत नाही? मग पॉलिशपेपर आधी स्वतःच्या पोराच्या हातात दे. आम्ही बाहेर उभं राहून बघतो.

जयभीम!