एकदांडीचे फूल आणि विज्ञानाची वही

विज्ञानाच्या वहीत फुलाची आकृती असते ती बहुधा जास्वंदीची, आणि तीही फुलावरून नव्हे, पुस्तकावरून उतरवलेली. रेघा सुबक, नावे बिनचूक. निरीक्षण मात्र शून्य! ही प्रथा बदलली पाहिजे, असे माझे मत आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षातून निदान एक रानफूल, ते उगवले असेल तेथेच बसून, पेस्टलच्या कोरड्या रंगखडूंनी रंगवावे. आणि हे काम चित्रकलेच्या नव्हे, विज्ञानाच्या तासाला व्हावे.

त्यासाठी लांब जायला नको. एकदांडी, जिला दगडीपाला असेही म्हणतात, शाळेच्या कुंपणाशीही सापडेल. सहज पाहिले तर पिवळा मध्य आणि भोवती चारपाच फिकट पाकळ्या, एवढेच दिसते. खडू हाती घेतला, की प्रश्न सुरू होतात. पाकळीच्या टोकाला दाते किती? बहुधा तीन. मधला भाग सपाट की ठिपक्यांचा? जवळून पाहा: प्रत्येक ठिपका हे एक स्वतंत्र, नळीसारखे फूल आहे. बाहेरची प्रत्येक ‘पाकळी’ हेही एक फूलच. ज्याला आपण एक फूल म्हणत होतो, तो फुलांचा गुच्छ निघाला! वनस्पतिशास्त्रात त्याला स्तबक म्हणतात.

फिकट पाकळी पांढऱ्या कागदावर उठून दिसत नाही. म्हणून वह्यांना घालतो तो तपकिरी कागद घ्यावा. सावलीतल्या पाकळीला काळा रंग दिला, तर चित्र मळकट होते. आकाश निरभ्र असताना निरखून पाहा; सावली निळसर दिसेल. तेथे ऊन पोहोचत नसले, तरी निळ्या आकाशाचा प्रकाश पोहोचतो. आता पारिजातकाची गळलेली पाकळी बोटांत चुरडा. तिचा पांढरेपणा जातो. तिच्यात पांढरा रंग नव्हताच. पेशींमधल्या हवेमुळे प्रकाश विखुरला जात होता. खडूची भुकटीही प्रकाश असाच विखुरते, म्हणून पेस्टलचे चित्र चकाकत नाही, मखमली दिसते.

शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रमच पुरा होत नाही, त्यात हे कुठे बसवायचे? म्हणूनच चित्र पोस्टकार्डाएवढे लहान हवे. ते एका तासात होते. मोबाइलने फोटो काढला तर चालणार नाही का? अवश्य काढावा, पण कॅमेरा सारे एकदम टिपतो, आपल्याला काही ठरवावे लागत नाही. चित्रात प्रत्येक रेघेआधी पाहावे लागते. गुण देतानाही चित्र किती देखणे आहे हे न बघता, दाते मोजले आहेत का, ते बघावे.

अट एकच: फूल तोडायचे नाही. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. साताऱ्याजवळचे कासचे पठार त्यांपैकी एक. तेथील फुले पायदळी जाऊ नयेत, म्हणून नुसत्या पाट्या लावून भागणार नाही. कुंपणाजवळच्या एकदांडीसमोर ज्याने तासभर बैठक मारली आहे, तो विद्यार्थी कासला गेला तर पाऊल जपून टाकील.