नवं फुफ्फुस, पण पाय जुनेच

श्वसनसंस्था शिकवताना मी फळ्यावर दोन फुफ्फुसं काढायचे आणि थांबायचे. आता थांबत नाही. कारण फुफ्फुस प्रत्यारोपणाची गोष्ट पार मांड्यांपर्यंत जाते.

1983 साली टोरांटोत डॉ. जोएल कूपर यांच्या चमूने टॉम हॉल यांना नवं फुफ्फुस बसवलं. ते पुढे सहा वर्षं जगले. पण नुसती वर्षं मोजून कसं चालेल? शस्त्रक्रिया छान होते, ऑक्सिजन भरपूर मिळतो, तरी पेशंट जिन्यात मध्येच बसतो. दम लागला म्हणून नाही हो, पाय भरून येतात! लांबलेल्या आजारपणात मांड्यांचे स्नायू झडलेले असतात, त्यात स्टेरॉइड्स ते आणखी कमजोर करतात. म्हणून सहा मिनिटांत किती मीटर चालता येतं, ही साधी चाचणी मला फार शहाणी वाटते.

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जन्मभर असतात, त्यामुळे संसर्गाची भीती खरीच. मास्क हवा, गर्दी नको. पण घरात असा माणूस असेल तर 'तुम्ही बसा, मी आणते' ही माया जरा आवरा. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना? मग कोपऱ्यावरून दुधाची पिशवी त्यांनाच आणू द्या. दहा मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागेल. लागू दे.